मागच्या रांगेतला माणूस

सोलापुरात थंडी आली हे मला स्वेटरवरून कळत नाही. आमची थंडी पाहुण्यासारखी. पहाटे येते, चहा होईतो बसते आणि नऊ वाजता ऊन तिला वाटेला लावतं. मला थंडी कळते ती हुरड्यावरून. कुंभारीच्या रस्त्याला शेताच्या कडेला आगटी पेटते, निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसली जातात, आणि ते गरम दाणे तळहातावर चोळताना हाताला धुराचा जो वास लागतो, तो साबणानेही दोन दिवस जात नाही. परवा यंदाचा पहिला हुरडा खाल्ला. शेंगाचटणी तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचं निमित्त करून मी थोडं रडूनही घेतलं. पन्नाशी उलटली की रडायला असली निमित्तं बरी पडतात.

हुरडा आला की तालीम आली, हे माझ्या डोक्यात तीसेक वर्षांपासून बसलंय. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात, रस्त्याकडच्या बाजूला, एक लांबलचक खोली आहे. तिथे दर हिवाळ्यात संध्याकाळी सहा ते आठ नाटकाची तालीम चालते. आता ती मी घेते. दिवसा एका शाळेच्या कार्यालयात फायली सांभाळते आणि संध्याकाळी तिथे जाऊन पोरांवर ओरडते. पण ज्या हिवाळ्याबद्दल मला सांगायचंय, त्या हिवाळ्यात ओरडणं मला येतच नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी मी त्या कारखान्यात कांड्या भरायला लागले. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो ना, त्याच्या पोटात सुताची एक नळी बसवलेली असते, ती कांडी. माग ती रिकामी करत राहतो आणि कांड्या भरणाऱ्या बाईला दिवसभर मान वर करायला फुरसत नसते. वडील नव्हते. आई घरी विड्या वळायची. मी कुंभारीहून बसने यायचे, डब्यात कडक भाकरी आणि चटणी. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं आणि चोवीस मागांच्या आवाजाने मला दारातच उभं केलं. त्या खडखडाटात मी शेजारणीला काहीतरी विचारायला गेले, ओरडून ओरडून विचारलं, दुपारपर्यंत घसा बसला. तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या लक्ष्मीअक्काने सरळ माझ्या तोंडावर हात ठेवला. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्यावर म्हणाली, “वरडू नको गं. आवाज हितं कुनाला पायजे? तोंड दाव.”

तोंड दाखवणं म्हणजे काय ते मला महिनाभरात कळलं. मागाजवळची माणसं आवाज काढतच नाहीत. शब्द ओठांनी मोठा करून दाखवतात आणि जोडीला हात. दोन बोटं ओठांना लावली की पाणी. मिशीला पीळ दिला की मुकादम येतोय. गालावर तळहात टेकला की आज लवकर घरी जाणार, पोर आजारी आहे. शेडच्या एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाच्या बाईला सासूची अख्खी कहाणी सांगायची आणि मधल्या चोवीस मागांना त्यातलं अक्षर कळायचं नाही. अक्काच्या घरी तेलुगू, माझ्या घरी मराठी, पण शेडमध्ये आम्ही दोघी जे बोलायचो त्याला भाषेचं नाव नव्हतं. मी मुळात मुखदुर्बळ. चारचौघांत माझा आवाज घशातच राहायचा. ते आवाजाशिवायचं बोलणं मला इतकं मानवलं की काही दिवसांनी मी घरीही आईला नुसते ओठ हलवून दाखवायला लागले. आई म्हणायची, “भूत लागलंय का? बोल की नीट.”

आमच्या मालकांना सगळे भूमय्याअण्णा म्हणत. लहानपणी स्वतः मागावर उभे राहिलेले, मग एक माग, मग चार, मग हा कारखाना. शहरात त्यांचं नाव होतं ते टॉवेलांपेक्षा दुसऱ्याच कारणांनी. विडी कामगारांच्या वस्तीत पोरांसाठी अभ्यासिका काढली ती त्यांनी. डोळ्यांच्या शिबिरात दमलेल्या म्हाताऱ्यांना घरून खिचडी यायची ती त्यांच्या. आणि नाटक. हिवाळ्यातल्या कामगारांच्या स्पर्धेत आमच्या कारखान्याचं नाटक असायचंच. तालमीला आलेल्याला संध्याकाळची पाळी माफ. याला ते दान म्हणत नसत, समाजकार्य तर मुळीच नाही. म्हणत, “सूत नुसतं आडवं घालून कापड होतं का? उभंबी लागतंय की.” असलं बोलून पुढे चालू लागायचे.

त्यांच्या काही खोडी होत्या आणि त्यांवरून लोक नावं ठेवायचे. कुणी मदत मागायला आला की तोंडी ऐकून घ्यायचे नाहीत. “लिहून आण” म्हणायचे. लिहून आणलं की स्वतः जाऊन बघायचे. अभ्यासिकेला हो म्हणण्याआधी ते त्या वस्तीत एका ओट्यावर सबंध सकाळ नुसते बसून राहिले होते. लोक म्हणत, संशयी माणूस, कुणाच्या शब्दावर विश्वास नाही. सत्काराला बोलावलं तर जायचे नाहीत, गेले तर शेवटच्या रांगेत बसायचे. “पुढं बसलं की टॉवेल-टोपी घालतात. टॉवेल मीच विणलेला असतो,” असं म्हणून हसायचे. मीही तेव्हा मनात म्हणायचे, मोठ्या माणसाचे चोचले.

नाटक बसवायचे इक्बालभाई. शहरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. बोटांना कायम कुठला तरी रंग लागलेला. तेच लिहायचे आणि तेच बसवायचे. त्या वर्षी त्यांनी नळावरच्या बाईचं नाटक लिहिलं. पाच दिवसांनी पाणी येणार, सरू नावाची बाई रांगेत उभी, घरी पोर तापाने फणफणलंय, आणि रांग सोडली तर पुढचे पाच दिवस कोरडे. ती मग नळाशीच बोलू लागते. त्याला शिव्या देते, लाडीगोडी लावते, आपली सगळी हकीकत सांगते. सरूचं काम मला कसं मिळालं? अक्काने मला ढकललं म्हणून. इक्बालभाईंनी माझा चेहरा पाहिला, हात पाहिले आणि म्हणाले, “चेहरा तो बोलता है. आवाज निकालेंगे.”

आवाज काही निघेना. रोज संध्याकाळी इक्बालभाई खोलीच्या टोकाला जाऊन उभे राहायचे आणि कानामागे हात धरायचे. आणि रोज मालक येऊन सुताच्या गठ्ठ्यावर बसायचे. त्यांचं एकच पालुपद. “तोंड समोर ठेव, रत्नम्मा.” मी रत्नमाला, पण त्यांनी पहिल्या दिवशी रत्नम्मा केलं ते केलंच. कुणी पात्र प्रेक्षकांकडे पाठ करून बोललं की मालक गठ्ठ्यावरून हाक मारायचे, “समोर.” इक्बालभाईंना सरू नळाकडे तोंड करून हवी होती, प्रेक्षकांना तिची पाठ दिसायला हवी होती. मालकांना ते चालायचं नाही. इक्बालभाईंना संध्याकाळचा मंद उजेड हवा होता. मालकांनी आणखी दोन दिवे आणून लावले. इक्बालभाई माझ्याशी कुरकुरायचे, “अण्णाकू नाटक नै, फोटो होना.” म्हणजे नाटक नको, फोटो हवा. समोर मात्र बोलायचे नाहीत. खोली मालकांची, दिवे मालकांचे.

आणि त्या वर्षी खोलीच जायची वेळ आली. मालकांचा मुलगा श्रीनिवास शिकून आला होता. हुशार मुलगा, वडिलांसारखाच कामाचा. त्याला नवे माग टाकायचे होते आणि जागा एकच होती, आमची. तो काही चुकीचं बोलत नव्हता. नव्या मागांवर आमच्यातल्याच चार घरांना काम मिळालं असतं. एका संध्याकाळी मालकांनी तालीम थांबवली. उभे राहिले. म्हणाले, “श्रीनिवास जागा मागतोय. बरोबर मागतोय. मी यंदाचा प्रयोग बघतो. मागच्या रांगेतल्या माणसाला समजला तर खोली तुमची. न्हाय समजला तर माग येतील.”

माझ्यासाठी ती खोली म्हणजे काय होतं ते आज नीट सांगता येईल, तेव्हा आलं नसतं. घरी आम्ही दोघी एका खोलीत, तिथे तंबाखूचा वास आणि पानांचे ढीग. शेडमध्ये आवाज आणि कापसाचे बारीक तंतू. सहा ते आठ हे दोन तास असे होते की त्यात मी कुणाची मुलगी नव्हते आणि कुठल्या मशीनवरची बाईही नव्हते. माणसं माझ्याकडे बघायची आणि मी पुढे काय करते याची वाट बघायची. तसं माझ्याकडे त्याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि ती खोली आता माझ्या घशावर अवलंबून होती. त्या पंधरवड्यात मी मिठाच्या गुळण्या केल्या, लिंबू सोडलं, बसची वाट बघताना कुंभारीच्या माळावर उभी राहून वाक्यं ओरडली. शेतातला एक म्हातारा विचारत आला, “काय झालं बाई, कोन गेलं?” मी त्याला म्हटलं, नळाला पाणी येत नाही. तो म्हणाला, “व्हय, ते तर हायच की,” आणि परत गेला.

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. पुढे परीक्षक, पाहुणे, दुसऱ्या कारखान्यांची मंडळी. मागे आमची. शेवटच्या रांगेत एका बाजूला माझी आई, पदराने सारखं तोंड पुसत, मधे लक्ष्मीअक्का, दुसऱ्या बाजूला मालक. आई नाटकाच्या विरुद्ध होती. रंग फासून उभी राहिलेल्या पोरीला स्थळ कुठलं यायचं, असं तिचं म्हणणं. पण आली होती. पहिले दोन प्रवेश बरे गेले. माझा आवाज चौथ्या-पाचव्या रांगेपर्यंत जात असावा. मग सरू आणि नळ एवढेच रंगमंचावर उरले, मी पहिलं वाक्य घेतलं आणि वीज गेली.

अंधारात मी उभी. लोक चुळबुळले. मग बाहेर, अगदी खिडकीखाली, जनरेटर सुरू झाला. रंगमंचाचे दिवे त्यावर नव्हते. लागल्या त्या सभागृहाच्या पांढऱ्याफटक ट्यूबा. आणि आवाज. ते धडधडणं भिंतीतून आत आलं, पायांखालच्या फळ्या थरथरल्या, आणि मला आठवतं, माझी भीती एकदम गेली. कारण मी त्या आवाजात रोज आठ तास काढत होते. माझे खांदे सैल पडले. मी नळाकडे पाहिलं, समोर पाहिलं आणि सरूचं सगळं बोलून टाकलं. रांगेत मधे घुसणाऱ्या शेजारणीची नक्कल केली, पोराच्या कपाळावर हात ठेवला, नळाच्या पाया पडले. असं काम मी तालमीत एकदाही केलं नव्हतं.

फक्त मी आवाज काढला नव्हता.

हे मला कळलं ते विंगेत. इक्बालभाई डोकं धरून खाली बसले होते. “रत्ना, आवाज किधर गया था?” मला समजेना ते काय विचारतात. मग समजलं. मशीन सुरू झालं की तोंड दाखवायचं, ही हाडात मुरलेली सवय. सबंध प्रवेश मी शेडमध्ये करावा तसा केला होता. पुढच्या रांगेतल्या परीक्षकांनी एक बाई दहा मिनिटं नुसती तोंड हलवताना पाहिली. मी तिथेच इक्बालभाईंच्या शेजारी बसले आणि हमसून हमसून रडले. खोली मी घालवली होती. निकालात आमचं नाव कुठेच नव्हतं, आणि परीक्षकांनी बोलताना सांगितलं की एका नाटकात मुख्य पात्राचा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोचला नाही. त्यांचं काही चुकलं नाही. परत येताना बसमध्ये आई नुसता माझा हात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली मान घालून कांड्या भरत होते. माग चालू होते. कुणीतरी मशीनसमोर उभं राहिलं म्हणून वर पाहिलं तर मालक. त्यांनी ओठ हलवले. सावकाश, मोठे करून, मागावरच्या माणसासारखे. “खोली तुमची.” आणि निघून गेले. मला वाटलं, चुकीचं वाचलं मी. अक्काकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

जेवणाच्या सुट्टीत ती मला गोदामाच्या मागे घेऊन गेली. म्हणाली, “पोरी, तुला एक सांगते. कुनाला बोलू नको. काल पयल्या दोन परवेशाला मालक सारखं मला कोपरानं ढोसत व्हते. कोन आमच्याकडं पाठ करून बोललं की ढोसायचं, काय म्हनला? लांबचं तोंड दिसलं न्हाय की ढोसायचं, काय म्हनली? मला वाटलं, म्हातारं झालं, ध्यान न्हाय. मग तू आलीस, मशीन सुरू झालं. तुजी आई या बाजूनं मला विचारायली, काय म्हनती माजी पोर? मी तिला सांगायली. आन् मालक? मालक गप. एकदाबी विचारलं न्हाय. हसायच्या जागी हसले. शेवटी डोळं पुसले. तवा माज्या ध्यानात आलं.”

मला सगळं एकदम दिसलं. लिहून आण. तोंड समोर ठेव. जास्तीचे दोन दिवे. ओट्यावरची ती सबंध सकाळ. लहानपणापासून मागांनी त्यांचे कान खाल्ले होते आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. ज्याला नाटकातलं धड ऐकू येत नव्हतं, तो माणूस दर हिवाळ्यात नाटक उभं करत होता. त्यातलं निम्मं चुकत असणार त्याला. तरी रोज येऊन गठ्ठ्यावर बसत होता. मागच्या रांगेतला माणूस तो स्वतःच होता. त्यांच्या त्या खोडींना मी चोचले म्हणाले होते याची मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी डबा मी तसाच घरी परत नेला.

अक्काने आणि मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. इक्बालभाईंनाही नाही. पण त्या वर्षापासून पात्रांना समोर तोंड ठेवायला मीच लावू लागले. इक्बालभाई वैतागायचे, “तू भी अण्णाच हो गई.” मी हो म्हणायचे. नवे माग मागच्या बाजूला शेड वाढवून बसले, थोडे उशिरा. श्रीनिवासदादांनी पुढे त्या खोलीला पक्की फरशी घातली आणि पंखे लावले. त्या खोलीत बसून मी बाहेरून बारावी केली. तिथेच माझा आवाज हळूहळू बाहेर आला आणि पुढे इतका मोठा झाला की माझे यजमान अजून कान धरतात. इक्बालभाई गेले. त्यांच्या हातची पाटी खोलीच्या दारावर आहे, रंग थोडा उडालाय. यंदा ती उजळून घ्यायची आहे.

यंदा आणखी एक गोष्ट आहे. मालक ऐंशीच्या पुढे गेले आणि गावाने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, एवढंच म्हणाले, टॉवेल आपल्या कारखान्यातला पाहिजे. श्रीनिवासदादांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. आठ दिवस मी लिहीत होते आणि फाडत होते. जे सांगायचं तेच सांगता येत नव्हतं. अभ्यासिका, शिबिर, नाटक यावर सगळेच बोलतील. माझे आभार ज्या गोष्टीसाठी होते, ती मी तीस वर्षं पोटात ठेवली होती.

परवा हुरडा खाऊन मी तशीच तालमीला गेले. पोरं तयार होती. मालक आले, नातवाचा हात धरून, आणि सवयीने भिंतीजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसले. कानात यंत्र असतं आता, लोक ते वयाचं समजतात, पण ते शिट्टी वाजवतं म्हणून काढून खिशात ठेवतात. एका कॉलेजच्या मुलीने आमच्याकडे पाठ करून वाक्य घेतलं. मी म्हटलं, “तोंड समोर.” ती म्हणाली, “मॅडम, आता पाठ केलेली चालते की.” मी म्हटलं, “हितं न्हाय चालत.” ती हसली आणि वळली.

तालीम संपली. पोरं बाहेर चहाला गेली. मी टोकाला उभी होते, मालक दुसऱ्या टोकाला, मधे सगळी खोली. मागच्या शेडमधून मागांचा आवाज येत होता. मी ओठ हलवले. मोठे करून, जोडीला हात. सत्काराला काय बोलू, अण्णा?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचे ओठ हलले. “कान तवाच गेल्ते म्हनून सांग. पोरी, तुला ठाऊक हाय हे मला त्याच वर्षी कळलं. तू सगळ्यांना तोंड समोर ठेवायला लावलंस. आता कशाला लपवायचं? सांग.”

मला रडू आलं, पण रडताना ओठ वेडेवाकडे होतात आणि मग वाचता येत नाहीत. म्हणून मी डोळे पुसले, ट्यूबखाली दोन पावलं पुढे आले, तोंड समोर ठेवलं आणि जे तीस वर्षांत म्हटलं नव्हतं ते म्हटलं. तुमच्यामुळे मी उभी राहिले, अण्णा. लई उपकार झाले.

मालकांनी दोन बोटं डोळ्यांजवळ नेली, मग माझ्याकडे केली.

“दिसलं,” ते म्हणाले.